तीन अक्षरांचं माहेर

कडुनिंबाचा मोहोर गळू लागला की दुपारच्या उन्हालाही एक कडवट गोडसर वास येतो. मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला निंबाची एक फांदी जवळजवळ टेकलेली आहे. त्या चैत्रात वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर तिची बारीक पांढरी फुलं आत येत आणि नानांच्या पांघरुणावर, औषधांच्या बाटल्यांवर, त्यांच्या पुढ्यातल्या ट्रेमध्ये पसरलेल्या अक्षरांवर पडत. नाना डाव्या हाताच्या बोटांनी ती फुलं हळूच बाजूला सारत, चौकोनी तुकड्यांमधून तीन तुकडे निवडत, आणि बऱ्याच वेळानं ट्रेमध्ये एक ओळ उभी राही. र, ब, ख. मग ते माझ्याकडे पाहत. मी ती ओळ मनातल्या मनात वाची आणि नजर खिडकीकडे वळवी. असा शब्द मला ठाऊक असलेल्या कोणत्याही भाषेत नव्हता.

नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. वैजापूरच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून त्यांचं आयुष्य गेलं, आणि माझ्या लहानपणीच्या साऱ्या उन्हाळी सुट्ट्या त्यांच्याकडे गेल्या. बाजारपेठेत कांद्याच्या गाड्या उभ्या राहिल्या की तो उग्र, ओलसर वास दुपारभर गावावर रेंगाळे, आणि त्या वासात आम्ही दोघं फरशीवर अक्षरं मांडून बसत असू. लग्नसराई संपली की नाना आलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंचे चौकोन कापत आणि त्यांवर वळणदार हातानं एकेक अक्षर लिहीत. कुठल्यातरी कोपऱ्यात हळदीचा पुसट डाग असे. तीन अक्षरं माझ्यापुढे टाकायची आणि त्यांतून जेवढे शब्द निघतील तेवढे मी काढायचे, हा खेळ. पण खरा खेळ त्यानंतर सुरू होई.

“नुसता शब्द सापडून भागत नाही, बाय,” नाना म्हणत. “तो कुणाच्या घरचा, ते विचारावं. याचं माहेर कुठलं, सांग बरं?”

क, म आणि र या तीन अक्षरांतून मी कमर काढली, मकर काढला, रकम काढली. कमर इराणातून आलेली, मकर संस्कृतातला, पाण्यात राहणारा, आणि रकम अरबस्तानातली, जिचा मूळ अर्थ नुसता लिहिलेला आकडा. तिघांनी कधी एकमेकांची तोंडं पाहिली नसतील, आणि इथं वैजापुरात एकाच ओसरीवर येऊन बसले. स, ब आणि र ही अक्षरं मला अधिक आवडत. सबर म्हणजे धीर, तोही अरबी. बरस म्हणजे आपलंच संस्कृत वर्ष, लोकांच्या तोंडी झिजून मऊ झालेलं. आणि बसर फारसी. सर म्हणजे डोकं, टोक, म्हणून बसर म्हणजे शेवटापर्यंत नेणं. “माणूस गुजर-बसर करतो म्हणजे काय करतो? आलेला दिवस टोकाला नेतो,” असं नाना सांगत, आणि ती तीन अक्षरं पुन्हा विस्कटून टाकत.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी हा तिथं आठवड्यातून काही तास भेटणारा विषय होता, आणि वर्गात मराठीत बोलावं लागलं की शब्द माझ्या घशाशी येऊन थबकत. ते माझ्याकडे नव्हते असं नाही. त्यांना बाहेर आणण्याचं धैर्य नव्हतं. नानांच्या खेळात बोलावं लागत नसे. तुकडे हलवले की झालं. शब्दांनाही माहेर असतं, तेही कुठून कुठून परक्या घरी येऊन रुळलेले असतात, हे कळल्यावर मला माझ्या भाषेत थोडं कमी अवघडल्यासारखं वाटू लागलं.

नानांची एक सवय सगळ्या घराच्या थट्टेचा विषय होती. कोणतंही मराठी पुस्तक हातात घेतलं की ते आधी शेवटचं पान उघडत, मग चूक लक्षात येऊन पुस्तक उलटं करत. “नानांना शेवट आधी कळतो,” असं आई म्हणे. निजामाच्या राजवटीत ते उर्दू शाळेत शिकले होते. भारताच्या फौजेची पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढं केव्हातरी त्यांच्या वर्गातला फळा उजवीकडून लिहिला जायचा तो डावीकडून लिहिला जाऊ लागला. नाना आणि त्यांच्या शेजारी बसणारा हमीद, दोघांनी एकाच पाटीवर नवी अक्षरं गिरवली. त्या धास्तीच्या दिवसांत हमीदच्या घरची माणसं नानांच्या घरी मागच्या खोलीत राहिली होती, एवढं मी आईकडून ऐकलं आहे. ते दोघं मात्र त्याविषयी कधी बोलत नसत.

हमीदचाचांचं पुढे आमच्याच शहरात, गुलमंडीच्या बाजारात, कापडाचं दुकान झालं. नाना आजी गेल्यावर आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज आटोपून चाचा रिक्षानं मुकुंदवाडीला येत. जिन्यात त्यांची काठी वाजली की नाना उशीला टेकून ताठ बसत, हनुवटी किंचित वर उचलत आणि दारातच विचारत, “काय खबर, हमीद?”

“आपल्या वयाला खबर कुठं असती रे, दत्तू?” चाचा धापा टाकत म्हणत. “बखर असती, बखर! घे लिहून, जिना तेवढाच हाय, पण पायऱ्या वाढल्या.”

“जिना नाय वाढला, तुझं पोट वाढलं.”

“पोट अल्लाची देन हाय. तुझ्यासारखं काटकुळं राहून करायचं काय? कमर हाय का नाय तेबी दिसत नाय!”

मग दोघं हसत, आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता ऐके. खबर आणि बखर ही त्यांची जुनी जोडी होती. नाना सांगत की खबरेचीच अक्षरं इकडची तिकडे होऊन बखर झाली असं काही जाणकार मानतात, काहींना ते पटत नाही. चाचांना जाणकारांशी कर्तव्य नव्हतं. “आज कानावर आली ती खबर,” ते म्हणत, “आन् ऐकवणारा गेला की तीच बखर. त्यात काय मोठं इल्म लागतं?”

त्या वर्षी माघात नानांना लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समज किती उरली आहे ते आत्ताच सांगता येणार नाही; काही खेळ, काही ओळखीच्या वस्तू पुढ्यात ठेवत राहा. मी कपाटातून अक्षरांचा जुना डबा काढला. नानांचे डोळे त्या तुकड्यांवर स्थिरावले तेव्हा आई वळून बाहेर गेली. चाचा येत राहिले. ते शेजारी बसून एकटेच बोलत, दोघांच्या वाटचं बोलत, आणि जाताना नानांच्या निर्जीव हातावर हात ठेवत.

फाल्गुनाच्या अखेरीस एका गुरुवारी हमीदचाचा झोपेतच गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा वैजापूरहून मामा आलेले होते. बैठकीच्या खोलीत, नानांच्या उघड्या दारापासून चार पावलांवर, त्यांनी आईला सांगितलं, “उगं कशाला सांगतेस त्यांना? काय कळतंय आता? अन् कळलंच, तर झेपायचं नाही.”

“ते दाराकडे बघत असतात रे, शुक्रवारी.”

“दार समोर आहे म्हणून बघतात, ताई.”

आईनं पदरानं डोळे पुसले आणि ठरलं. मी तिथंच उभी होते. माझ्या ओठांशी काहीतरी आलं होतं, पण ते नेहमीसारखं आतच राहिलं.

त्यानंतर रोज दुपारी र, ब, ख ही ओळ येऊ लागली. व्यायाम शिकवायला येणारे गृहस्थ म्हणाले, डाव्या हातानं मांडतात म्हणून क्रम बिघडतो, त्यात अर्थ शोधू नका. मामांनी फोनवर ते ऐकलं आणि वैजापूरचं नानांचं घर आता बंदच करून टाकू म्हणाले. आईनं नानांशी बोलणं थांबवलं नाही, पण तिच्या बोलण्यात लहान मुलाशी बोलतानाचा सूर आला. ती त्यांच्यासमोरच म्हणू लागली, “नानांना पुरणपोळी फार आवडायची.” नाना जिवंत असताना त्यांच्याविषयीचं क्रियापद मात्र हळूहळू भूतकाळात जाऊ लागलं होतं, आणि आम्हां कुणाच्याच ते ध्यानात येत नव्हतं.

धडपडणाऱ्या माणसाकडे टक लावून पाहणं मला जमत नाही. नाना तुकडे शोधत असत तेव्हा मी बाहेर निंबाकडे पाहत बसे आणि त्यांचा हात थांबला की वळे. त्या शुक्रवारी त्यांची उशी घसरली होती म्हणून मी पलंगाच्या मागे उभी राहून ती सावरत होते. मागून पाहणं सोपं असतं. आपल्याला कुणी पाहत नाही. रुळांपलीकडच्या मशिदीतून अजान झाली. नानांची मान दाराकडे गेली आणि परत आली. मग त्यांचा डावा हात पुढे झाला. त्यांनी एक तुकडा उचलला आणि तो ट्रेच्या उजव्या कडेशी नेऊन ठेवला. ख. त्याच्या डावीकडे ब. आणि त्याच्याही डावीकडे, अगदी छातीशी धरल्यासारखा थोडा वेळ धरून, र.

मग त्यांचं बोट ख वर टेकलं, तिथून ब वर आलं, र वर थांबलं. आणि त्यांनी हनुवटी किंचित वर उचलली.

त्या एका क्षणात मला उलट बाजूनं उघडलेली सगळी पुस्तकं आठवली. झटक्यानं नानांची सगळी अलीकडची अक्षरं विस्कटली होती, पण तळाशी ती पहिली पाटी शाबूत होती, हमीदच्या शेजारी बसून उजवीकडून गिरवलेली. एवढे दिवस ते आम्हांला एकच प्रश्न विचारत होते, “काय खबर?”, आणि आम्ही त्यांच्यापुढून फुलं झाडत होतो.

आई स्वयंपाकघरात होती. तिला हाक मारावी, मामांना फोन करावा, असं सगळं मनात आलं. पण प्रश्न मला विचारला गेला होता. मी पुढे येऊन त्यांच्यासमोर बसले.

“नाना, हमीदचाचा गेले,” मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला, पण तो थांबला नाही. “झोपेत गेले. त्रास झाला नाही. तुम्हांला सांगायचं नाही असं ठरलं होतं.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्याची उजवी बाजू हलली नाही. डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि दाढीच्या खुंटांत थांबलं. दारात आई कप घेऊन उभी होती. ती केव्हा आली, किती ऐकलं, मला कळलं नाही. तिनं कप खाली ठेवला, नानांच्या पायांशी बसली आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना मोठ्या माणसासारखं विचारलं, “नाना, आपण गुलमंडीला जाऊन येऊ या का? त्यांच्या घरी?”

नानांनी डोळे मिटले. मग ते उघडून पुन्हा हात पुढे केला. र ला त्यांनी हात लावला नाही. कडेचा ख उचलला, ब च्या जागी ठेवला. ब सरकवत सरकवत उजव्या कडेला नेला. हात मुद्दाम फिरला की नुसता घसरला, हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो त्या शुक्रवारी येणार नव्हता. मी ती ओळ त्यांच्या उजवीकडून वाचली. ब, ख, र. आईनं माझ्याकडे पाहिलं.

ती मांडणी त्या दिवशी आम्ही कुणीच मोडली नाही. ऊन उतरेपर्यंत तिच्यावर निंबाची फुलं पडत राहिली.