नवा गुप्तहेर आणि बाबांची कुजबुज

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी बाबांसोबत आमच्या आवडत्या गुप्तहेर-चित्रपटमालिकेचा नवा भाग पाहिला. मी मराठी माध्यमातली. त्यामुळे न्हावा शेवा बंदरातल्या नोकरीत इंग्रजी शिकलेले बाबाच लहानपणापासून मला त्यातले इंग्रजी संवाद कानात मराठीतून सांगत आले.

या वेळी नायक बदलला होता. मध्यंतरापर्यंत बाबांनी एकही संवाद कानात सांगितला नाही. मग म्हणाले, "हा आपला हेर नाही गं. उगाच आणलंस मला."

आमची प्रथा आज संपते की काय, अशी धास्ती वाटली.

तेवढ्यात पाठलाग सुरू झाला, मालिकेची ती जुनी धून वाजली आणि बाबा माझ्याकडे झुकले. "म्हणतोय, चहा गार व्हायच्या आत येतो!"

आता मला इंग्रजी समजते. संवादात चहा नव्हताच.

मी कृतज्ञतेने मान डोलावली. तुम्ही बाबांची चूक सुधारली असती का?