लाल खुणेचा दगड

खडक फोडताना जशा चिपा उडतात, तसे आमच्या पाइपलाइनच्या कामावर किस्से उडतात. मी कमी बोलतो, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत!

काम खर्डा गावाच्या बाजूला, माळावर. नकाशात लिहिलेलं, 'मऊ मुरूम'. पहिल्याच दिवशी ब्रेकरची छिन्नी काळ्या पाषाणात मोडली.

आमचे इंजिनिअर साहेब म्हणाले, "नकाशा बरोबर आहे."

मुकादम बबनराव म्हणाले, "व्हय सायेब, दगडच चुकलाय!"

नकाशात निळी रेघ होती, म्हणजे नदी. साहेब बूट हातात घेऊन नदी शोधायला निघाले. बबनराव मागून ओरडले, "सायेब, बूट घाला! तुमी नदीतच उभं हाय, वाळूनं पाय भाजतील!"

टेकडीवरची टाकी तर पाइपाच्या आधीच बांधून तयार. मोबाईलची रेंज फक्त तिच्या जिन्यावर. साहेबांनी गावात विचारलं, "टाकीचा उपयोग होतो का?"

"लई! रोज सगळं गाव चढतंय!"

कौसामावशीची वस्ती मात्र लाइनीपासून दोन शेतं लांब राहिली. टँकरचं पाणी हंड्यानं वाहायची, त्यातलाच चहा आम्हाला आणायची. एकदा म्हणाली, "सायेब, लाइन जरा माझ्या दाराकडनं वळवा की."

"मावशी, एका घरासाठी लाइन वाकडी होत नाही."

मावशीनं कप गोळा केले. "चहा बरा रोज वाकड्या वाटंनं येतो!"

पुढे लाइनीत एक मोठा दगड आला. 'इथून फोडायचं' म्हणून साहेबांनी मला त्यावर ऑइल पेंटची लाल खूण करायला सांगितली. मी मन लावून छान गोल काढला. मावशी शेजारी उभी राहून बघत होती.

सोमवारी येऊन पाहतो तर दगडाला हार, पुढे नारळ आणि निम्मं गाव हात जोडून! बबनरावांनी ब्रेकर बंद करून चपला काढल्या.

"अरे, ही आपली खूण आहे! कुणी काढली ही, सांगा यांना!" साहेब ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही चपला काढून हात जोडले.

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. मग बूट काढले, नमस्कार केला आणि नकाशा उघडला. डावीकडे खोल ओढा. उजवीकडे मावशीचं अंगण.

महिन्याभरानं मावशीच्या दारात नळ आला, आणि नळाला पाणीही! पहिला तांब्या तिनं मला दिला. मी पीत होतो, तेवढ्यात जवळ येऊन हळूच म्हणाली,

"त्यो रंगाचा डबा उरलाय का रं? पल्याडच्या वस्तीवर माझी नणंद ऱ्हाती."