प्रेशरभाऊंचं प्रवाळ

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पाण्यातलं कोणी शिकवायला गेलं, की त्याच्या कपाळावर आठी पडणारच. हाताखालचे लोक त्यांना प्रेशरभाऊ म्हणत, तेही तोंडावर. शेवटच्या गल्लीतून तक्रार आली, की भाऊंचं औषध एकच, प्रेशर वाढवा!

निवृत्तीनंतर लेकीची खाऱ्या पाण्याची काचपेटी त्यांच्या गळ्यात पडली. लेक दूर नोकरीला निघाली होती. पेटीत तिचं लाडकं प्रवाळ होतं. पांढऱ्या दगडी फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवी लुसलुशीत झालर. "बाबा, एवढं जपा," ती म्हणाली. भाऊंनी शब्द दिला.

सहा महिने बरे गेले. मग एक दिवस झालर जराशी मिटली. तशी ती अधूनमधून मिटतेच, पण भाऊंना ती शेवटच्या गल्लीतली तक्रार वाटली. त्यांनी मोठा पंप आणून त्याचं तोंड थेट प्रवाळावर धरलं. ते आणखी मिटलं. भाऊंनी पंप चार बोटं जवळ आणला. झालं! एका बाजूच्या फांद्यांवरचं मांस सुटून गेलं आणि खाली नुसता पांढरा दगड उरला. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. "मजेत आहे तुझं प्रवाळ," भाऊ ठोकून द्यायचे. फोन ठेवला, की त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

लेक सुट्टीवर यायला पंधरा दिवस उरले, तेव्हा बायकोनं माशांचं चिमूटभर खाणं पेटीत सोडलं. कण गोळीसारखे सुटले आणि समोरच्या काचेवर आपटले.

"अहो, एवढ्या वाऱ्यात छत्री तरी कोण उघडेल? त्या पंपाचं तोंड काचेकडे करा बघू."

"आता तू मला पंप शिकव!"

"पंप कुठं शिकवतेय? मी आपलं खाणं कुठं जातंय ते बघतेय."

भाऊ फुरंगटून गच्चीत गेले. ती स्वयंपाकघरात गेल्यावर गुपचूप आले आणि पंप फिरवला. पाणी काचेवर आदळून पसरलं. प्रवाळापाशी कधी इकडून आलं, कधी तिकडून. चौथ्या दिवशी उरलेल्या झालरी उघडून डुलायला लागल्या. मेलेल्या फांद्या मात्र मेलेल्याच राहिल्या.

लेक आली ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून पेटीपाशी गेली.

"अर्धं मी मारलं," भाऊ म्हणाले. "पाणी कमी पडतंय वाटलं आणि मारा करत सुटलो. वर फोनवर खोटं बोललो."

लेक मेलेल्या फांद्या निरखत राहिली. रागावली होती, ते दिसतच होतं. मग तिनं कटर मागितला, एक जिवंत फांदी कापून वेगळी ठेवली.

"सगळंच घेऊन जा," भाऊ खाली बघत म्हणाले.

"जाताना एवढी एक नेईन. बाकीचं राहू दे तुमच्याकडे."

"माझ्याकडे? अजून?"

"हो. आणि माझ्या तिथल्या पेटीत पंप कसा लावायचा, तेवढं सांगा."

भाऊंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"ते आईला विचार," ते म्हणाले.