नजर बाहेर जाणारा सुभेदार

मल्हारी सुभेदार म्हंजे माणदेशातला गडी. उंच, वाळका, बोलण्यात माघार न घेणारा. पलटणीत असताना त्याला एकच काम होतं. डोंगराच्या माथ्यावर बसायचं आणि पलीकडच्या डोंगरावर काय हलतंय ते बघायचं. पेन्शन सुरू झाली, मिशा पिकल्या, तरी भेटेल त्याला तो हेच सांगायचा, "माझी नजर दोन डोंगर वलांडून जाती."

बरं, हे 'जाती' त्याचं बोलण्यापुरतं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटायचं. बंदुकीतनं गोळी सुटावी तशी डोळ्यातनं नजर सुटती, जाऊन वस्तूवर थडकती आणि मग वस्तू दिसती. ज्याचा बार दमदार त्याला लांबचं दिसतं. बाकीच्यांनी चष्मे लावावेत.

पोरगा राजवीर बी लष्करात, त्याची बदली दिल्लीला झालेली. त्यामुळं म्हातारा-म्हातारी कँटोन्मेंटच्या क्वार्टरात राहायला आली. पण मल्हारीला घरात बसवेना, आणि तो घरात बसला की शेवंताला, म्हंजे त्याच्या बायकोला, सोसवेना. शेवटी त्यानं दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीच्या मोठ्या गेटावर नोकरी धरली. निळी टोपी, चकाकते बूट, हातात गेटाचा आडवा दांडा वरखाली करायचं बटण. ते गेट म्हंजे त्याची चौकीच. ते सुटलं तर घरी बसून शेवंताच्या हाताखाली भाजी निवडायची पाळी होती, हे तो जाणून होता.

अडचण एवढीच की अलीकडं त्याला नीट दिसत नव्हतं. सगळं दुधात बुडवून काढल्यागत. पण त्याचं उत्तर तयार होतं. "नजर सुटती झकास, पर दिल्लीच्या धुरात अडकून बसती." मग त्यानं एक युक्ती काढली. जे काही हलेल त्याला सलाम ठोकायचा. गाडीला सलाम, दूधवाल्याला सलाम, एकदा वाट चुकून आलेल्या गाईला बी सलाम. सोसायटी खूष. सेक्रेटरी पद्माकर, मूळचे पुण्याचे, पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "आमच्याकडे आर्मीचा माणूस आहे. डिसिप्लिन बघा यार."

पहिला दणका घरातनंच बसला. नात राजनंदिनी सहावीत. तिला शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं: दिवा, टेबल, टेबलावर तांब्या, समोर माणूस. माणसाला तांब्या कसा दिसतो ते बाण काढून दाखवायचं. पोरीनं घरातल्या जाणत्या माणसाला विचारलं. जाणत्या माणसानं सांगितलं, बाण डोळ्यातनं काढ आणि तांब्यावर नेऊन ठोक. बाईंनी त्या बाणावर हीऽ एवढी लाल फुली मारली.

"आज्जा, तुझ्यामुळे माझे मार्क्स गेले यार. आता तूच चल शाळेत."

"तुझ्या बाईनं कधी डोंगर बघितलाय का?"

"तिने सिलॅबस बघितलाय."

दुसरा दणका संक्रांतीला बसला. जानेवारीतलं दिल्लीचं धुकं असं की आपलाच हात आपल्याला अनोळखी वाटावा. त्यावर सोसायटीच्या कमिटीनं उपाय काढला. गेटावर एक राक्षसी दिवा बसवला, तोंड थेट रस्त्याकडं. कमिटीत इंजिनियरच जास्त, पण धुकं म्हंजे पाण्याचे बारीक बारीक थेंब, आणि त्यांच्यावर पडलेला उजेड उलटून आपल्याच डोळ्यात येतो, हे कुणाला सुचलं नाही. दिवा पेटला आणि गेटापुढं पांढरी भिंत उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढा उजेड पडला म्हणाले.

त्या संध्याकाळी पद्माकरांची बायको कुमुदिनी शेजारच्या सोसायटीतलं हळदीकुंकू आटपून पायी परत येत होती. संक्रांतीला काळं नेसायचं, ही रीत तिनं पुण्यात पाळली नसेल एवढी दिल्लीत पाळलेली. काळी साडी, काळा ब्लाउज, थंडी म्हणून वरनं डोक्यापर्यंत काळी शाल. आता लाल साडी असती तर तिनं उजेडातला लाल तेवढा परत पाठवला असता आणि बाकीचा ठेवून घेतला असता. पांढरीनं जवळजवळ सगळाच परत पाठवला असता. काळा रंग मोठा अधाशी. आलेला उजेड गिळतो आणि ढेकर बी देत नाही. म्हंजे बघणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत जायला काही उरतच नाही. तशात तो दिवा, तसलं धुकं, आणि वर मल्हारीचे डोळे.

रस्ता मोकळा समजून त्यानं बटण दाबलं. दांडा खाली आला तो कुमुदिनीच्या हातातल्या डब्यावर. तिळगूळ रस्ताभर झाला. आवाज ऐकून मल्हारी धावला, समोर जे पांढरं उभं दिसलं त्याला खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाला, "माफी असावी म्याडम, लागलं तर न्हाय?"

"सुभेदार, मी इकडे आहे," कुमुदिनी मागून म्हणाली. "तो खांब आहे."

दुसऱ्या दिवशी पद्माकरांनी त्याला ऑफिसात सगळ्या कमिटीपुढं बोलावलं. "हे बघा सुभेदार, मी खूप अ‍ॅडजस्ट केलं. काल मिसेस होत्या, उद्या कुणाचं मूल असेल. डोळे तपासून, नीट करून या. नाहीतर गेटवर दुसरा माणूस बघावा लागेल."

"डोळ्याचा दोष न्हाय साहेब. उजेड कमी पडतुया."

"ते बिल्कुल बरोबर. आणखी एक मोठा लाइट पास केलाय."

मल्हारी घरी आला तो टोपी न काढताच बसला. शेवंतानं विचारलं तेव्हा दांडा, डबा, खांब सगळं सांगावं लागलं. शेवंता पदर तोंडाला लावून हसली. राजनंदिनीला मात्र लाल फुलीचा राग होताच. तिनं बुटाचं रिकामं खोकं आणलं, बाजूला डोळ्याएवढं भोक पाडलं, आत तिळाचा लाडू ठेवला आणि झाकण लावलं.

"आज्जा, चलो. सोड नजर."

मल्हारीनं भोकाला डोळा लावला. "काळंमिट्ट हाय."

"तुझी नजर दोन डोंगर जाते ना? खोकं तर एवढंसं आहे."

"आत उजेड नगं का?"

"कशाला? गोळीला लागतो का उजेड? गोळी तर अंधारात पण जाऊन लागते."

मल्हारी मिशी चावत बसला. पोरीनं झाकणाला दुसरं भोक पाडलं आणि त्यातनं टॉर्च मारला.

"आता?"

"आता दिसतुया."

"अच्छा. तर टॉर्चचा उजेड लाडवावर पडला. लाडवाने तो सगळीकडे उडवला. त्यातला थोडा या भोकातून तुझ्या डोळ्यात आला. म्हणून लाडू दिसला. बाण लाडवाकडून तुझ्याकडे, आज्जा. तू काहीच नाही केलंस. फक्त डोळा उघडा ठेवलास."

"म्हंजे एवढी वर्सं डोंगरावर मी काहीच केलं न्हाय?"

"थंडीत बसलास ना. ते केलंस."

शेवंता म्हणाली, "मला बघू द्या." तिनं डोळा लावला. "अगं बया, तीळ न् तीळ दिसतुया की."

"तीळ कुठले," मल्हारी म्हणाला. "ढगाआड चांदोबा असावा तसं काय तरी गोल हाय."

दोघी एकमेकीकडं बघायला लागल्या. राजनंदिनी उठली, आईच्या ओट्यावरनं पोळ्या गुंडाळायचा बटर पेपर आणला आणि बघायच्या भोकावर धरला. "आजी, आता बघ."

"आता ढग आला," शेवंता म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "अवं, असला कागद तुमच्या डोळ्यात बसलाय. मोतीबिंदू म्हंत्यात त्याला. आमच्या आत्याला झाला हुता."

पोरीनं पुढचं सांगितलं. डोळ्याच्या आत एक स्वच्छ भिंग असतं, उजेड त्यातनं आत जातो. वय झालं की ते दुधाळ होतं. मग बाहेर कितीबी दिवे लावा, उजेड आत शिरतानाच विस्कटून जातो.

"चिरफाड करायला मी काय जखमी न्हाय," मल्हारी म्हणाला.

"नका करू," शेवंता म्हणाली. "गेट गेलं की घरी बसा. रोज मेथी आणती, निवडत ऱ्हावा."

त्याच आठवड्यात मल्हारी लष्कराच्या दवाखान्यात हजर झाला. आधी उजवा डोळा झाला, मग थोड्या दिवसांनी डावा. दुधाळ भिंग काढून नवं बसवलं. काळा चष्मा लावून घरी बसला तेवढ्यात दोन जुड्या मेथी निवडावी लागलीच, पण मग तो पुन्हा गेटावर उभा राहिला. पहिलं काम म्हंजे त्यानं तो राक्षसी दिवा काठीनं ढोसून खाली वाकवला. धुक्यात निदान जमीन दिसायला लागली. कमिटीला ते आवडलं नाही. दिवा मान घालून उभा राहिल्यागत दिसतो म्हणाले.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली, कारण मल्हारीला दिसायला लागलं. पाचव्या मजल्यावरनं कचऱ्याची पिशवी कोण फेकतं ते दिसलं. खजिनदारसाहेब ट्रान्सफॉर्मरमागं उभे राहून बिडी ओढतात ते दिसलं. पद्माकरांच्या दुसऱ्या गाडीवर सोसायटीचा स्टिकरच नाही ते दिसलं, आणि त्यांचं लाडकं पांढरं कुत्रं रोज सकाळी मुलांच्या लॉनवर काय करून येतं ते तर फारच स्वच्छ दिसलं. मल्हारी डोंगरावरच्या सवयीनं दिसेल ते खड्या आवाजात सांगायचा. सलाम मात्र मोजक्यांना. लोक म्हणायला लागले, सुभेदार पूर्वी किती नम्र होता.

त्याला काढायचं म्हटलं तर कारण काय देणार? ह्याला दिसतं म्हणून? डोळे नीट करून या असं सेक्रेटरीच सगळ्यांसमोर बोललेले.

शेवटी पद्माकरांनी त्याला बाजूला घेतलं. "सुभेदार, एक रिक्वेस्ट होती. सगळंच बघायला पाहिजे असं नाही ना. थोडं इकडेतिकडे बघत जा."

"साहेब, आधी मला वाटायचं नजर बाहेर जाती. तवा ती आवरता आली असती. आता कळलंय, उजेडच आत येतुया. तुमच्या कुत्र्यावर पडतो आन् माझ्या डोळ्यात शिरतो. त्याला मी काय करणार? लईच वाटलं तर कुत्र्याला काळी शाल पांघरा. काळ्यावरनं उजेड येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लखलखीत ऊन पडलं होतं. सेक्रेटरीसाहेबांचं कुत्रं संक्रांतीची काळी शाल पांघरून लॉनवर आलं. भोवतीचं हिरवं गवत उजेड परत पाठवत होतं, शाल तेवढी पाठवत नव्हती. त्यामुळं हिरव्यात पडलेला काळा डाग सातव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना दिसला, आणि तो कसा वाकून बसला ते बी दिसलं.

मल्हारीनं गेटावरनं त्याला सलाम ठोकला.