कार्डवाले काका

कूलरच्या ओलाव्याने चित्रांना बुरशी धरते, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आमचे कार्डवाले काका. एका लहानशा कलासंग्रहालयाचे ते संग्रहपाल. तिथली जुनाट वेबसाइट मोडून, सगळी चित्रं लोकांना घरबसल्या बघता येतील अशी नवी करायचं काम मिहानच्या आयटी वसाहतीतल्या आमच्या कंपनीला मिळालं आणि मी तीन महिने काकांच्या तावडीत सापडलो. त्या दिवसांबद्दल लिहिताना हसू येतं, पण कानही तापतात.

काका चित्रांबद्दल घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "हिले उजेड सोसत नाही, हिचा फोटो सकाळीच काढ." "हा म्हातारा चिडका हाये, त्याले दोघांनी धरून उतरवा." चहा प्यायचा तो अंगणातल्या कडुलिंबाखाली, आणि आत येताना हात धुतले का, हे काका चक्क हाताचा वास घेऊन तपासत. एकदा त्यांनी खुद्द संग्रहालयाच्या अध्यक्षांना तर्री-पोह्यांच्या प्लेटसकट दारातून परत पाठवलं होतं. वर "साहेब, चित्रं उपाशी नाहीत," असंही ऐकवलं.

पण खरं वेड कार्डांचं. प्रत्येक चित्राचं एक कार्ड, त्यावर टपोऱ्या अक्षरात ते कोणी काढलं, कुठून आलं, कोणी आणून दिलं. चाळीस वर्षांत आपल्या हातून एक चिठ्ठी हरवली नाही, हे ते भेटल्याबरोबर सांगत आणि निघतानाही. कार्ड नुसतं द्यायचं नाही, चित्रासमोर उभं राहून अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचं, मगच माझ्या हातात. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. "काका, बाकीची मी वाचून घेईन ना," मी म्हटलं. "काहून गा, घाई काहून करून राहिला? माणसाचं नाव हाये ते." तरी मी उरलेला गठ्ठा मागून घेतला आणि बॅगेत कोंबला. तो पुढे ऑफिसच्या कपाटात पडून राहिला. उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा ज्या चित्रांवर सही नव्हती, त्या सगळ्यांखाली मी एका झटक्यात 'चित्रकार अज्ञात' असं भरून मोकळा झालो.

उद्घाटनाला कोराडीच्या वीजकेंद्राजवळच्या वसाहतीतून एक म्हातारी लेकीबरोबर बसने आली होती. तरुणपणी तिने आपल्या राखेने माखलेल्या अंगणाचं चित्र काढून संग्रहालयाला दिलं होतं. चित्रावर सही करायची असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या पडद्यावर ते चित्र आलं, लोक वाहवा म्हणाले, म्हातारी हरखून उभी राहिली. खालचं लेकीने तिला वाचून दाखवलं.

"मंग मी कोण वं?" तिने लेकीला विचारलं.

अध्यक्ष भडकले. हे कोणी केलं, म्हणाले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. काका पुढे झाले. "माह्याच हातून कार्ड गहाळ झालं, साहेब. माफ करजा, बाई."

तिचं नाव भरायला मला दोन मिनिटं लागली. त्या पानाची छापील प्रत काका स्वतः बसने कोराडीला नेऊन देऊन आले. बाकीची नावंही कार्डांवरून भरून दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा परत घेऊन गेलो, तेव्हा मान वर होत नव्हती. अध्यक्षांना खरं सांगतो, असं म्हणालो.

"काही नको. तुही नोकरी नवी हाये, माही दोन महिन्यांत संपून राहिली." एवढं बोलून ते एकेक कार्ड बाहीने पुसून जागेवर लावू लागले. मीही जास्त आग्रह केला नाही. मला ते फार सोयीचं होतं.

निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले, "चाळीस वर्षांत यांच्या हातून एकच चूक झाली, तीही शेवटी शेवटी." सभागृह कौतुकाने हसलं. काकाही हसले, खाली बघत. मी दुसऱ्याच रांगेत बसलो होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.