कडक स्प्रिंगा आणि शेजारची सीट

माझ्या गाडीला दोनच सीटा आहेत आणि त्यातली एक बरेच महिने रिकामी होती.

मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि या वयात माणसाला जे व्हायचं ते मला झालं. कुणी पहाटे उठून योगासनं करतं, कुणी गळ्यात माळ घालतं. मी जुनी स्पोर्ट्स कार घेतली. निळी, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आमच्या कासुर्डीतल्या कोंबड्या तिच्याशी नजरेला नजर भिडवून बोलतात. मनात विचार साधा होता. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टा करता करता उमेदीची वर्षं गेली, बायकोला कुठं म्हणून नेलं नाही. आता सुट्टीच्या दिवशी दोघांनीच निघायचं, कुठं जायचं ते रस्त्यात ठरवायचं.

पहिल्याच फेरीत चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. नदीच्या अलीकडं दोन-तीन वळणं आहेत. पहिल्या वळणाला गाडी जी एका कुशीवर झाली, ती पुढच्या वळणाला दुसऱ्या कुशीवर वळली. तिसऱ्या वळणाला बायको म्हणाली, "थांबवा." मी थांबवली. पुढचं सांगत नाही. रस्त्याकडेच्या उसानं ते पाहिलंय, तेवढं पुरे.

तोंड धुऊन आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "गाडी आहे का पाळणा? हे बघा, तुम्हाला मला फिरवायचंच असलं तर एसटीनं फिरवा. या डबड्यात मी परत बसायची नाही."

आमच्या घरात तिचं 'नाही' हे नाहीच असतं. तरी मी हिय्या केला. महिनाभर मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघितले. त्यातून मला कळलं की दोष माझ्या चालवण्यात नाही, सस्पेन्शनमध्ये आहे. हे कळल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू! शॉकअप जुने झालेले, स्प्रिंगा दमलेल्या, रबरी बुश कुजलेले. वळणावर सगळं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, ते सावरायला खाली कुणी नाही, म्हणून गाडी कलंडते. नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांशी बांधून ठेवणारा जाड बार टाकला, की गाडी वळणावर पाटासारखी सपाट राहील. मग बायको बसेल. सगळा खटाटोप त्यासाठीच.

स्प्रिंगा किती कडक घ्यायच्या, हे विचारायला मी कुणाकडं जावं? थोरल्या भावाकडं! दादाचा पिकअप आहे. रोज संध्याकाळी कोबी-फ्लॉवर भरून पुण्याच्या मार्केटला जातो. आमच्या भागात नवा पिकअप शोरूममधून निघाला की आधी पाटेवाल्याकडं जातो आणि मग देवाला. मागच्या चाकांवर स्प्रिंगचे दोन लोखंडी पाटे वाढवल्याशिवाय नारळ फुटत नाही. कंपनीनं दिलेल्या पाट्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत भोळा समजला जातो.

दादा गोठ्यात होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डुलती ना? मंग कडक कर. त्यात काय इचारायचं?"

"किती कडक?"

"मिळंल तेवढं! माझा पिकअप बघ की. दोन टन टाक, हालतोय का? पाटा कडक, तर गाडी खडक."

पुण्याच्या दुकानदाराला मी फोन लावला. बिचारा समजावत होता, "साहेब, मधलं सेटिंग घ्या. तुमच्याकडचे रस्ते कसे आहेत?"

म्हटलं, "रस्ते बघूनच बोलतोय. सगळ्यात कडक कोणत्या आहेत, त्या द्या."

"त्या रेसवाले घेतात, साहेब."

हे वाक्य त्यानं धोक्याची सूचना म्हणून टाकलं होतं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

सामान बसवून गाडी आली तेव्हा ती आणखी चार बोटं खाली बसलेली. दादानं तिला एक फेरी मारली, मागून दोन्ही हातांनी दाबून बघितली. ती तसूभर दबली नाही. "आता कसं!" म्हणाला. तेवढ्या एका क्षणाचं समाधान मी खूप दिवस पुरवून पुरवून वापरलं, कारण पुढं समाधान मिळालंच नाही.

वळणावर गाडी खरोखर सपाट राहायची, यात खोटं नाही. पण आमच्या रस्त्यावर वळणं कमी आणि खड्डे जास्त. बारीक खडा आला तरी गाडी उडायची, आणि वळणाच्या मधोमध उंचवटा लागला तर चारही चाकं टुणकन बाजूला सरकायची. ड्यूटीवर पोहोचलो की कँटीनमध्ये मी चहा उभ्यानंच प्यायचो. पोरं विचारायची, "साहेब, मूळव्याध का?" मी म्हणायचो, "नाही रे, स्पोर्ट्स."

बायकोला मोठ्या मिनतवारीनं एकदा बसवलं. यवतपर्यंतच, म्हटलं. वाटेतल्या पहिल्या गतिरोधकाला तिचा अंबाडा सुटला. दुसऱ्याला तिनं देवाचं नाव घेतलं. यवतला उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आधी मळमळत होतं. आता निदान मळमळायला वेळ मिळत नाही, एवढी सुधारणा आहे." आणि घरी येताना शेअर रिक्षानं आली. रिक्षाच्या मागून मी! सगळं यवत बघत होतं.

मग कवठे येमाईला मेव्हण्याच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. तिचं माहेर. मला वाटलं, माहेरच्या ओढीनं तरी बसेल. ती सकाळीच पिशवी घेऊन एसटीनं गेली. मी मागून एकटाच निघालो, शेजारच्या सीटवर आहेराची टोपी-टॉवेल घेऊन. तिथं जो तो विचारी, "अन् आमची ताई कुठाय?" मी म्हणायचो, "आलीय की, माझ्या आधी." यावर जो तो मान हलवून पुढं जाई. मनात मात्र सगळे आमचं भांडण कशावरून झालं असेल, ते ठरवत असणार.

जेवणं झाली आणि निघायची वेळ आली. माहेरवाशीण रिकाम्या हातानं परत पाठवायची नाही, ही सासूबाईंची रीत. रीत कसली, सक्ती! कांद्याचं एक पोतं, बाजरीचं एक पोतं, दोन भोपळे, लसणाची जुडी आणि लोणच्याची बरणी अंगणात येऊन बसली.

बायको म्हणाली, "आई, एसटीत हे कसं नेऊ?"

"तुला कोण म्हणतंय न्यायला? जावईबापूंची गाडी रिकामीच चालली न्हवं? माणूस बसत न्हाई, तर धान्य तरी बसंल!"

अंगणभर हशा पिकला. मीही हसलो. जावयाला दुसरा इलाज नसतो. कांदे डिकीत गेले, भोपळे त्यांच्यावर. बाजरीचं पोतं शेजारच्या सीटवर उभं करून मेव्हण्यानं त्याला पट्टा लावला. बायको शिरूरच्या गाडीत बसली आणि मी बाजरीला घेऊन निघालो.

गावाबाहेर पडलो, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बराच वेळ कळेना, काय ते. मग लक्षात आलं की मी सीटवरून उडत नाहीये. गतिरोधक आला, गाडी नुसती वर गेली आणि सावकाश खाली आली. खड्डा आला, चाकानं तो गिळला. नदीजवळच्या वळणावर मी मुद्दाम जरा वेगानं घातली. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली, आणि बाजरी जागची हलली नाही.

गाडी बाजूला घेतली आणि पोत्याकडं बघत बसलो. दादाचा पाटा चुकीचा नव्हता. पाटा मालासाठी असतो, एवढंच. त्याचा पिकअप रिकामा परत येताना मार्केटपासून घरापर्यंत उड्या मारतच येतो, पण तेव्हा कोबी नसते, तक्रार कुणी करायची? आमच्या घराण्यात सस्पेन्शन म्हणजे ओझं पेलायचं साधन. नुसती दोन माणसं सुखानं न्यायलाही सस्पेन्शन लागतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी दोन माणसांच्या गाडीला दोन पोत्यांच्या स्प्रिंगा लावल्या होत्या.

घरी आल्यावर बायकोला आनंदानं सांगितलं, "आता तू बस! डिकीत कायम कांदे ठेवतो."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मला हवा खायला न्यायचं, तर संगं पन्नास किलो कांदे. लोक मला बाजाराला निघालेली समजतील."

तेव्हा परत पुण्याला फोन. दुकानदारानं 'मी सांगितलं होतं' हे शब्द गिळले. भला माणूस. मऊ स्प्रिंगा बदलून द्यायला तयार झाला. म्हणाला, "या वेळी नीट सेट करू. गाडीत रोजची माणसं बसलेली असताना उंची आणि चाकं जुळवायची असतात. तुमचं वजन किती?"

मी सांगितलं.

"आणि मॅडमचं?"

फोन स्पीकरवर होता. बायको समोर बसून तीच बाजरी पाखडत होती. सूप थांबलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला थोडी अक्कल येते, पण नेमकी त्या वेळी येत नाही. मी म्हणालो, "साधारण एक पोतं धरा... आणि वर एक भोपळा."

सूप खाली ठेवलं गेलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊ, वजन-बिजन काही सांगायचं नाही. मी स्वतः येते. मला बसवूनच काय ते जुळवा. यांनी सांगितलेल्या वजनावर गाडी बांधलीत, तर ती जन्मभर एका बाजूला कलंडलेली राहायची."

अशी ती पुण्याला आली. दादाच्या पिकअपमधून आली, हे खरं, पण आली. गॅरेजात, गाड्या वर उचलायच्या लिफ्टजवळ, गाडीत माझ्या शेजारी बसली. दोघं मेकॅनिक खाली वाकून स्प्रिंगांचे आटे फिरवत होते, मोजत होते. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडं बघत बसलो होतो, लग्नात फोटोसाठी बसवतात तसे. मधेच ती हळूच म्हणाली, "सीट बरी आहे पण." मी आरसा पुसायला घेतला. अशा वेळी बोललं की बिघडतं.

परत येताना दादाला पुढं जाऊ द्या म्हणाली आणि माझ्या शेजारीच राहिली. कासुर्डीला घराकडं न वळता आम्ही चौफुल्यापर्यंत गेलो आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. गतिरोधकांवरून गाडी बेतानं उतरत होती. बायकोचा एक हात दारावरच्या मुठीला, दुसरा पर्सवर. नदीजवळची वळणं दिसायला लागली. मी वेग कमी केला, आणखी कमी केला. मागून येणारी उसाची ट्रॉली हॉर्न द्यायला लागली.

पहिलं वळण झालं. गाडी थोडी कलली, आणि सावरली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

दुसरंही झालं.

तिसऱ्याच्या तोंडाशी मी परत ब्रेकवर पाय ठेवला, तशी मूठ सोडून ती माझ्याकडं वळली.

"अहो, दर वळणाला ब्रेक कशाला मारताय? ट्रॉलीवाला हसतोय मागं. जाऊ द्या की जरा!"

मी पाय उचलला.