हिरोचा खरा चेहरा

लोणारच्या सरोवरावर सिनेमावाले आले, तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि स्वतःला फार देखणा समजत होतो. त्यांचा हिरो दुसऱ्या ताऱ्यावरून इथं पडणार होता. अंगात चंदेरी झगा, हातात लुकलुकणारं यंत्र. हिरो गोरागोमटा, मुंबईचा. पण शक्ती संपली की त्याचं मूळ रूप दिसायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना इथलाच माणूस हवा होता. मी केस चापून तीन दिवस त्यांच्यापुढे घुटमळलो. निवडलं माझ्या थोरल्या भावाला. तो तिथं वांगी विकायला आला होता.

लहानपणी त्याला देवी आल्या होत्या. जीव वाचला, तोंडाची चाळणी झाली. दिग्दर्शक सहायकाला म्हणाला, "याला रंग फासायची गरजच नाही." हे मी कानांनी ऐकलं. भावानं विचारलं, "साहेब, मले कोनतं काम हाय?" सहायक हसला. "हिरोचा खरा चेहरा तुझा."

खोटं काही नव्हतं त्यात. पण आमचा भोळा सांब स्वतःलाच हिरो समजला आणि गावभर सांगत सुटला. दुसरबीडला त्याची सोयरीक जुळली होती, तिकडेही निरोप धाडला. त्या लोकांनी व्रण पाहूनच होकार दिला होता. मी ऐकलेलं त्याला सांगितलं नाही. माझ्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही.

वर्षभरानं सिनेमा आमच्या गावच्या तंबू टॉकीजमध्ये लागला. होणारा सासरा आला, मुलगी बायकांच्या बाजूला बसली. पडद्यावर हिरो कोसळला, वीज कडाडली आणि भावाचं तोंड पडदाभर झालं. पोरं किंचाळली. भाऊ उठून ओरडला, "थो मीच होय!" मग सारा तंबू हसला. ती मुलगीही हसली, तोंडात पदर कोंबून.

"लोक हासून काऊन राह्यले बे?" त्यानं मला विचारलं.

"मले काय मालूम."

बाहेर आल्यावर सासरा त्याच्याशी बोललाच नाही. माझ्याकडे पाहून आमच्या बापाला म्हणाला, "धाकला चालते आमाले."

मी एकदाही नाही म्हटलं नाही. त्याच उन्हाळ्यात हळद मला लागली. थोरला बिनलग्नाचाच राहिला, आमच्याच घरात जेवतो. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंडावर पदर ओढायची आमच्याकडे रीत आहे, तशी ती ओढते. तो मात्र अजून समजतो, ती हसू लपवते.